बिननावाचा गुरुवार

पडदा अर्धाच निघाला होता. ताई स्टुलावर उभ्या राहून एकेक आकडा दांडीतून सोडवत होत्या. डावी बाजू सुटून खाली लोंबत होती, उजवी अजून दांडीला धरून होती. खुर्चीत बसलेल्या सासूबाई खालून कारभार बघत होत्या. "फार वाकू नकोस गं. पडलीस तर मला काही उचलता यायचं नाही, आणि माझ्या मुलाला तर सुचायचंही नाही."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. ताई उतरल्या.

फोन त्यांच्या कार्यालयाच्या प्रमुखांचा होता. "सुट्टीच्या दिवशी त्रास देतोय, पण बातमीच तशी आहे ताई. आपल्या हवेच्या सरांचा प्रकल्प मंजूर झाला! एवढा मोठा प्रकल्प आपल्या विद्यापीठाला आजवर मिळालेला नाही. सोमवारी सत्कार ठेवलाय. कौतुकाच्या चार ओळी तुम्हीच लिहा. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?"

"लिहिते की!" ताईंचा चेहरा उजळला. "विषय काय घेतलाय सरांनी? या वेळी मला दाखवलासुद्धा नाही."

प्रमुखांनी विषय वाचून दाखवला. शाळांच्या भिंतींवर वाढणाऱ्या शेवाळावरून, मुलांच्या श्वासात किती धूर जातो ते ओळखणं.

"ताई? ऐकताय ना?"

"ऐकतेय," ताई म्हणाल्या, आणि फोन ठेवून स्टुलावरच बसल्या.

"कोण गेलं?" सासूबाईंनी विचारलं. या वयात फोन आला की त्यांना तेच वाटायचं.

"कुणी गेलं नाही हो."

"मग तोंड असं का उतरलंय?"

काय सांगणार? सांगायचं तर गुरुवारपासून सुरुवात करायला हवी.

विद्यापीठात शिकवणारी माणसं पुष्कळ. पण शिकवून झाल्यावर काही नवं शोधावं, त्यासाठी प्रस्ताव लिहावा, तो कुठे पाठवायचा ते हुडकावं, नाकारला गेला तर पुन्हा उभं राहावं, इथे भले भले बसकण मारतात. त्यांना हात देऊन उठवायचं, हे ताईंचं काम. एकेकाळी त्यांनी स्वतःही संशोधनाला नाव नोंदवलं होतं. लग्न झालं, पाठोपाठ सासरे अंथरुणाला खिळले, आणि ते मागे राहिलं ते राहिलंच. पुढे संशोधन साहाय्य कक्षात नोकरी लागली, तेव्हा त्या देवासमोर हात जोडून म्हणाल्या, "माझं राहिलं ते राहू दे. माझ्या हातून दुसऱ्यांचं तरी पार पडू दे." देवानं हे गाऱ्हाणं ऐकलं म्हणायचं. नवख्या शिक्षकांचे प्रस्ताव मंजूर होऊ लागले. शहराच्या हवेतला धूर मोजणारे हवेचे सर त्यांना थट्टेनं सुईणबाई म्हणायचे. "बाळंत आम्ही होतो, घाम यांना फुटतो!" ते नाव मग साऱ्या विद्यापीठात पडलं.

गुरुवारची बैठक ताईंचीच कल्पना. ग्रंथालयामागच्या खोलीत दुपारी सगळे जमायचे आणि एकमेकांचे कच्चे प्रस्ताव वाचायचे. पहिल्या पहिल्यांदा गंमत अशी व्हायची, की मोठ्या सरांचा कागद असला की वाहवा, आणि नवख्याचा असला की त्याची सालटी काढायची. ताईंनी नावंच काढून टाकली. सगळे प्रस्ताव स्वतः बसून एकाच पद्धतीनं टंकायचे, कुणाची खूण राहू द्यायची नाही, मगच वाटायचे. कोणतं कुणाचं ते फक्त त्यांना ठाऊक. आणि त्यांचा शब्द होता, "माझ्या तोंडून नाव कधीच बाहेर पडणार नाही." या एका शब्दावर माणसं आपलं पोटातलं तिथे आणून ठेवायची. समोरचा आपल्याला हसला, तरी तो आपल्याला हसतोय हे त्याला कळायचं नाही. तेवढीच आडोशाची जागा.

उन्हाळ्याच्या आधी एका गुरुवारी शेवाळ निघालं होतं. लिहिणारी वनस्पतिशास्त्राची नवी बाई. दिसेल त्या भिंतीपाशी थबकायची म्हणून मुलं तिला शेवाळवाली म्हणत. तिची नोकरी अजून कच्ची होती. वर्षअखेरीला स्वतःचा प्रकल्प हातात नसेल, तर पुढे ठेवतील की नाही याची खात्री नव्हती. तिचं म्हणणं साधं होतं. यंत्र आज ठेवलं तर आजची हवा सांगतं, पण शेवाळ कित्येक पावसाळे त्याच भिंतीवर बसून सगळं पीत असतं. शाळेच्या भिंतीला विचारा, ती सांगेल पोरं काय श्वासात घेताहेत.

हवेच्या सरांनी कागद दोन बोटांनी उचलून धरला होता. "भिंती खरवडायला रंगारी आहेत की! त्याला विद्यापीठ कशाला?" सगळी खोली हसली. कोपऱ्यात शेवाळवाली खाली मान घालून कपातल्या चहाकडे बघत राहिली. बाहेर आल्यावर ती ताईंना म्हणाली, "सरांचं आयुष्य गेलंय हवेत. ते म्हणतात त्यात तथ्य असणार. राहू दे ताई." ताईंनी परोपरीनं समजावलं, पण तिनं ते गुंडाळून ठेवलं.

आणि आता तेच शेवाळ सरांच्या भिंतीवर उगवलं होतं.

"येते मी जरा," म्हणून ताई निघाल्या. पडदा तसाच राहिला.

हवेच्या सरांना सुट्टी माहीत नव्हती. प्रयोगशाळेत गच्चीवरून आलेल्या नळ्या हवा ओढत घुरघुरत होत्या, टेबलावर धुरानं काळवंडलेल्या गाळणकागदाच्या गोल चकत्या ओळीनं मांडल्या होत्या. याच इमारतीच्या जिन्यात, पहिला प्रस्ताव नाकारला गेला तेव्हा, हे गृहस्थ डोकं धरून बसले होते. नोकरी सोडतो म्हणत होते. ताईंनी स्वतःचा डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला होता. "आधी दोन घास खा. मग राजीनामा मीच लिहून देते, चुका तरी होणार नाहीत." सर रडता रडता हसले होते. त्यानंतरचा त्यांचा प्रत्येक प्रस्ताव ताईंच्या हाताखालून गेला. याच वर्षी म्हणाले, "या वेळी तुम्हाला त्रास देत नाही ताई, घरीच लिहितो." तेव्हा ताई किती हरखल्या होत्या! घरी येऊन सांगितलं होतं, "आमचं बाळ आता आपलं आपण चालायला लागलं."

"या, या, सुईणबाई! तुम्हालाच फोन करणार होतो. बसा."

ताई उभ्याच राहिल्या. "शेवाळ कुठून आलं सर?"

"भिंतीवरून!" सर हसले. "दुसरीकडून कुठून येणार?"

"गुरुवारी आलं होतं ते."

सरांनी चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. "ताई, गुरुवारी शंभर गोष्टी निघतात. कोणती कानात राहते, कोणती डोक्यात रुजते, कोण सांगणार? आणि ते होतं काय? चार कच्ची पानं. तिथेच कुजून गेलं असतं. मी त्याला यंत्रं दिली, माणसं दिली, बळ दिलं."

"कुजवलंत तुम्हीच. रंगारी म्हणालात."

"तेव्हा तसं वाटलं होतं."

"मग वेगळं कधी वाटायला लागलं? हसणं थांबायच्या आधी की नंतर?"

सर टेबलावरच्या चकत्या सारख्या करू लागले.

"मला एकदा विचारलं असतंत," ताई म्हणाल्या, "तर मी तुम्हा दोघांना एका टेबलाशी बसवलं असतं. तिच्यासोबत तुमचंही नाव मोठं झालं असतं."

"तिच्या? कुणाच्या?" सरांनी मान वर केली. आता त्यांच्या आवाजात मऊपणा होता, आणि तो मऊपणाच जास्त टोचला. "मला कसं कळणार ताई, तो कागद कुणाचा? नावं तुम्हीच काढता. आणि आज तुम्ही एक नाव उघड केलंत, तर पुढच्या गुरुवारी कोण येईल तुमच्या खोलीत? तुम्ही इतकी वर्षं जीव ओतलाय त्यात. मी तुमच्या भल्याचंच सांगतोय."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा तोच होता, जिन्यातला. ज्या आडोशाला त्यांनी पाखरं बसवली, तिथूनच यानं नेम धरला होता. आणि वर त्यांच्याच शब्दाचं कुलूप त्यांच्याच तोंडाला लावून मोकळा झाला होता. त्या बाहेर पडल्या.

रस्त्यानं पिशवीतला फोन सारखा घुमत होता. गुरुवारच्या मंडळींचा गट होता फोनवर. 'अभिनंदन सर!' 'काय अभिनव विषय!' 'आमची छाती फुगली!' एकेक निरोप ताई वाचत गेल्या. हे सगळे त्या दिवशी खोलीत होते. सगळ्यांनी शेवाळ ऐकलं होतं, सगळे रंगाऱ्याला हसले होते. एकालाही आठवत नव्हतं? की सगळ्यांना आठवत होतं? सरांनी केसानं गळा कापला तो कापला, पण बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात? शेवाळवालीचं नाव त्या गटात होतं. तिनं काहीच लिहिलं नव्हतं.

घरी पोचल्या तर यजमान दारातच. "हे काय, घरानं एक डोळा मिचकावलाय?" त्यांनी लोंबत्या पडद्याकडे बोट केलं. मग बायकोचा चेहरा बघून त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. ताईंनी सगळं सांगितलं. फक्त कुणाचं ते सांगितलं नाही, 'एका मुलीचं' एवढंच.

"तुझं बाळ चालायला लागलं ते थेट दुसऱ्याच्या घरात शिरलं म्हणायचं," यजमान उसासा टाकून म्हणाले. "पण तू करणार काय? ज्याच्या हाती ससा तो पारधी. लिही चार ओळी आणि सोड. त्यात तुझं काय जातंय?"

"हिचं काय जातंय?" सासूबाई खुर्चीत ताठ झाल्या. "अरे शहाण्या, ज्या पोरीचं गेलं तिला काय वाटेल? कुणाचं काय ते ठाऊक फक्त हिला. त्या मास्तराला भाऊ मानते कोण? हीच. म्हणजे हिनंच उचलून दिलं, असंच वाटणार ना?"

हे ताईंच्या मनात आलंच नव्हतं. फोनवरची ती गप्प जागा त्यांच्या डोळ्यांपुढे आली. तिला कळलं असेल तर ती आत्ता कुठे, कशी बसली असेल? आणि कुणाचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे असेल?

त्या आत जाऊन देवासमोर उभ्या राहिल्या. हात जोडले, पण मागायला काही सुचेना. देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. खरं असेल. पण काठी पडेपर्यंत त्या मुलीनं कुणाकडे बघायचं? आपण शब्द दिला तो सरांना नाही, खोलीला नाही. ज्याचा कागद त्याला दिला. तो राखायचा की सोडायचा, हे ठरवणारी ती मुलगी. सरही नाहीत आणि आपणही नाही.

बाहेर येऊन त्यांनी प्रमुखांना फोन लावला. "त्या ओळी मी लिहिणार नाही."

प्रमुखांचा आवाज खाली आला. "ताई, ते शेवाळाचं मनात असेल तर... राहू द्या ना. विद्यापीठाचं नाव आहे."

म्हणजे त्या गुरुवारी खोलीत बसलेल्या यांनाही आठवत होतं. "मी शेवाळाचं काहीच बोलले नाही, साहेब," ताई म्हणाल्या. "तुम्हीच बोललात. सोमवारी येते, तेव्हा काय बोलायचं ते बोलू. आधी मला एकीला विचारायचंय."

त्यांनी फोन ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.

"आणि पडदा?" सासूबाईंनी विचारलं.

"लोंबू दे. आल्यावर बघते."

"ऐकेल का ती तुझं?"

"दार उघडलं तर ऐकेल."

शेवाळवाली पुलापलीकडे, रंगाच्या दुकानावरच्या खोलीत राहायची. तिच्याकडे जायचं होतं. जे झालं ते तिला स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं, आणि तिचं नाव घेऊ का, असं विचारायचं होतं.