मधल्या वाटीतला गळ

फोन आला तेव्हा मी कणीक मळत होतो. पोळ्यांसाठी नव्हे, चिलापी माशाच्या आमिषासाठी. रविवारची सकाळ, कणकेत ठेचलेला लसूण आणि चिमूटभर हिंग. गोळा बोटांना चिकटता कामा नये आणि पाण्यात विरघळताही कामा नये, ही सगळी दामूकाकांची शिस्त. पलीकडून त्यांच्या पत्नी जनाकाकू म्हणाल्या, "भाऊ, आज तलावावर नका जाऊ. हे सकाळी चा पिता पिता गेले..." हात कणकेने भरलेले, तसाच उभा राहिलो. त्याला आता सहा आठवडे झाले.

दामूकाका उरणच्या कोळीवाड्यातले. अर्धं आयुष्य होडीवर, उरलेलं बंदरात. मग मुलाने करंजाड्यात फ्लॅट घेतला आणि दर्याचा माणूस चौथ्या मजल्यावर राहायला आला. मी नवीन पनवेलचा, बँकेतून निवृत्त, मूळ पुण्याचा. म्हणजे मासा ताटात येण्याआधी कसा दिसतो हे न पाहिलेला. पळस्प्याच्या बाजूच्या तलावावर मी ऑनलाइन मागवलेला रॉड आणि चकचकीत नकली मासे मांडून बसलो होतो, तेव्हा मागून आवाज आला, "सायेब, मासे पकडायला आलाय का दागिन्यांचं दुकान मांडायला?"

त्यांच्या हातात चक्क मिसळणाचा डबा होता. स्टीलचा, सात वाट्यांचा, काकूंच्या स्वयंपाकघरातून पळवलेला. मोहरीच्या वाटीत शिशाचे मणी, जिऱ्याच्या वाटीत बारीक गळ, मिरचीच्या वाटीत मोठे. हळदीच्या वाटीत हळदीतच मुरवलेली लोकर. "चिलापीचं त्वांड लहान, गळ लहान पायजे. तंगुसाचा दोरा बारीक, नायतर तिला दिसतो. आनि चिखलातल्या घरट्यावर बसली असंल तर कनीक दावू नका, ही पिवली लोकर नाचवा. भूक नसली तरी राग येतो तिला." मी माझा सगळ्यात महागडा नकली मासा फेकला, त्यांनी लोकर फेकली. त्यांच्या सहा आल्या. माझा झाडात अडकला.

आफ्रिकन मांगुराचं तंत्र वेगळं. जाड तंगूस, बोटाएवढा गळ, त्याला कोंबडीची कलेजी. एकदा असा धिप्पाड मांगूर लागला की काका चिखलावरून बसल्या बसल्या घसरत थेट पाण्यात गेले, एक चप्पल कायमची गेली, पण रॉड सोडला नाही. मी घाबरून ओरडतोय आणि हे कमरेएवढ्या पाण्यात खदाखदा हसतायत! मासे इतके यायचे की काकू इमारतभर वाटायच्या. शेवटी शेवटी तर आमची बादली दिसली की शेजारी दार लावून घेत.

एकच नियम होता. चिलापी असो की मांगूर, हाती आलेलं परत पाण्यात सोडायचं नाही. मी कारण विचारलं, तेव्हा पहिल्यांदाच त्यांची जीभ अडखळली. करंजाड्यात आले त्या वर्षी नारळी पौर्णिमेला दर्या नव्हता. जीव राहीना, म्हणून त्यांनी या तलावाला नारळ दिला आणि सोबत चिलापीची बादलीभर पिल्लं. "वाटलं, पानी रिकामं नको. तवा हितं मळ्या व्हता. बोटभर मासा, शेपटीपाशी काळा टिपका. मी हसलो, ह्यो काय मासा? तीन वरसांत चिलापीनं सगला खाल्ला. दर्याचा मानूस मी... गोड्या पान्याची अक्कल नव्हती."

म्हणून डब्याची मधली वाटी मळ्यासाठी राखलेली, एखादा उरला असेल तर. तिच्यात एकच गळ, तांदळाएवढा, टोकाजवळचा उलटा काटा कानशीने घासून काढलेला. म्हणजे माशाचं तोंड न फाटता तो सुटावा. दर रविवारी निघताना शेवटची फेक या गळाची, गांडुळाचा कणभर तुकडा लावून. दर रविवारी चिलापीचं पिल्लूच यायचं. "पुढच्या रविवारी," काका म्हणायचे आणि शीळ घालत डबा बंद करायचे. काकू डब्यासाठी भांडायच्या, तर काकांची बोली ठरलेली: मळ्या दिसला की डबा परत.

तेराव्याला काकूंनी डबा माझ्या हातात दिला. म्हटलं, आता तरी तुम्ही ठेवा. "नाय," त्या म्हणाल्या. "बोली ती बोली."

गेल्या रविवारी गेलो. एकटाच, कुणी टोमणे मारायला नाही, चैन पडेना. अकरा चिलापी काढल्या. मग मधली वाटी उघडली. गळ टाकला, दोरा जरासा थरथरला, उचलला... बोटभर चांदी, आणि शेपटीपाशी काळा टिपका. मी तलावाच्या काठावर एकटा मोठ्याने ओरडलो, "काका, मळ्या!" गुरं राखणारी बाई दचकून बघायला लागली. हात ओले करून गळ काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या तलावात मासा परत सोडला. तो गेला तरी मी रडत आणि हसत तिथेच बसून होतो.

डबा घासून पुसून करंजाड्याला नेला. काकूंनी एवढंच विचारलं, "सोडलात ना?"

"सोडला."

त्यांनी डबा ओट्यावर ठेवला. मोहरी भरली, जिरं भरलं, मिरची भरली. हळदीची वाटी आतून पिवळीच होती, तीही भरली. मधल्या वाटीतला गळ मात्र त्यांनी हलवला नाही.

"अजून चिलापी संपल्या नायत," त्या म्हणाल्या. "रविवारी तलावावर जाताना डबा घेऊन जावा. हळद सांडू नका."