ब्रेकमास्तरांची घरगाडी

आमच्या गल्लीत ड्रायव्हिंग स्कूल चालवणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे ब्रेकमास्तर म्हणतात. शिकवणीच्या गाडीत स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात असतं. मास्तर शेजारच्या जागेवर बसतात आणि त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. निम्म्या गावाचे जीव त्या जादा ब्रेकने वाचवलेत, त्यात माझाही एक. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी गाडी शिकायचं मनावर घेतलं. एकदा समोर कुत्रं आलं आणि मी वर्गात बघायची तशी त्याच्याकडे नुसती बघत राहिले. गाडी थांबली ती मास्तरांच्या पायाने. मग ते शांतपणे म्हणाले, "बाई, कुत्रं म्हणजे तिसरीतला मुलगा नव्हे. डोळे वटारले म्हणून बाजूला होत नाही."

असा हा माणूस. शिकणाऱ्याने कुणाच्या फाटकावर गाडी घातली तरी आवाज चढायचा नाही. "चला, फाटकाशी ओळख झाली," एवढंच म्हणतील. ब्रेकच्या बाबतीत मात्र गावात त्यांचा शब्द शेवटचा. कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की आधी मास्तरांना दाखवायची. मास्तर शेजारी बसून एक चक्कर मारून आले, मान हलवली, की व्यवहार मोडला.

त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसतात. त्यांनी गाडी शिकायचं साफ नाकारलं होतं. "नवऱ्याकडून शिकायचं म्हणजे घरात पण दिवसभर ब्रेक," त्या म्हणायच्या. मुलं दोन. थोरली पाचवीत, फार सरळ आणि फार बोलकी. धाकटा पहिलीत, तो जे ऐकतो ते दुसऱ्या कुणालातरी सांगितल्याशिवाय त्याला जेवण जात नाही.

गेल्या सुट्टीच्या आधी या मुलांनी बाजारामागच्या आवारात एक कॅम्पर व्हॅन पाहिली. आत पलंग, ओटा, कपाटं, सगळं काही. मुलांनी तिला तिथल्या तिथे घरगाडी असं नाव दिलं आणि घरी येऊन विचारलं, "बाबा, आपण जायचं का हिच्यातून? समुद्रापर्यंत?"

"जाऊ की," मास्तर म्हणाले. त्यांच्या तोंडून नाही हा शब्द कधी पटकन निघत नाही.

मग काय, घराचा नुसता कारखाना झाला. मास्तरांनी आवारात जाऊन टेपने घरगाडीची मापं आणली आणि हॉलच्या फरशीवर खडूने ती मापात आखली. इथे पलंग, इथे ओटा, इथे दार. रविवारी अख्ख्या कुटुंबाने त्या रेघांच्या आत राहायचं, म्हणजे सवय होईल. मी सहज डोकावले तर धाकटा ओरडला, "बाईआजी! तुम्ही खिडकीतून आत आलात!" मला परत मागे जाऊन दारातून यावं लागलं. वहिनी खडूच्या ओट्यावर कांदा चिरत बसल्या होत्या आणि कोपर रेघेबाहेर गेलं की थोरली दंड म्हणून त्यांना एक कोडं घालत होती. रस्ता सांगायचं काम थोरलीचं, पाण्याची टाकी बघायचं धाकट्याचं. मास्तर मधोमध मांडी घालून बसले होते. इतका सुखात बसलेला माणूस मी फार दिवसांत पाहिला नव्हता.

घरगाडीच्या मालकीणबाई एकट्याच तो धंदा बघतात. त्यांना सगळे ताई म्हणतात. जुनी मिनीबस विकत घेऊन त्यांनी आणि त्यांच्या भावाने ती स्वतःच्या हातांनी सजवली. भाऊ पुढे परगावी गेला, गाडी ताईंकडे राहिली. त्यांचा एक नियम आहे. जो गाडी नेणार त्याने आधी त्यांना शेजारी बसवून हायवेवर एक चक्कर मारून दाखवायची. वहिनींना रजा नव्हती, म्हणून मास्तर मला म्हणाले, "बाई, तुम्ही चला. मागे बसून घर कसं वाटतं ते सांगा."

आवारात पोचलो. मास्तर दार उघडून चढले आणि सवयीने शेजारच्या जागेवर बसून पट्टा लावून मोकळे झाले. ताई किल्ली हातात धरून खाली उभ्या.

"मास्तर, परीक्षा तुमची आहे," त्या हसून म्हणाल्या. "माझी कधीच झाली."

मास्तरही हसले. पण उतरून दुसऱ्या बाजूने चढताना त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

गावातून गाडी हळूहळू बरी चालली. हायवेला लागलो तसे त्यांचे खांदे वर चढायला लागले. मागून हॉर्न वाजत होते, तरी वेग वाढेना. एवढ्यात एक लांबलचक ट्रक बाजूने पुढे निघाला. त्याची सावली आमच्या खिडकीवर आली आणि मास्तरांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. जीव खाऊन ब्रेक दाबला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. स्टिअरिंग शिकणाऱ्याने धरलेलंच असणार, अशी त्या हातांची समजूत. गाडी जागच्या जागी तिरकी उभी राहिली. मागे कपाटाचं दार उघडून स्टीलची ताटं माझ्या मांडीवर आली.

ताईंनी धोक्याचे दिवे लावले, उतरल्या, मास्तरांना शेजारी सरकवलं आणि गाडी कडेला घेतली. मग म्हणाल्या, "होतं असं. मोठ्या गाडीची सवय नसते. सुट्टीला अजून वेळ आहे, मास्तर. रोज दुपारी या, मी बसते शेजारी. येईल हात."

"बघतो," मास्तर म्हणाले.

परत येताना आम्ही चालतच आलो. वाटेत ते म्हणाले, "बाई, लायसन्स काढलं त्या काळात काय चालवली असेल तेवढीच. पुढे सगळं आयुष्य शेजारच्या जागेवर गेलं. मैदान, टपाल कचेरीचा चढ, चौक, परत मैदान. हायवेवर मी स्वतः कधी गेलोच नाही. पाय तेवढा शिकलाय माझा. हात अजून शिकाऊच आहेत."

"मग शिका की ताईंकडे," मी म्हटलं.

"त्या गाडीत? भर बाजारातून? शेजारी बाई बसून मला शिकवतेय, आणि माझेच विद्यार्थी फुटपाथवर उभे राहून बघतायत?" ते हसायला गेले, पण हसू काही जमलं नाही. गल्लीत शिरल्यावर ते त्यांच्या घरी वळले, मी माझ्या.

चार-पाच दिवसांनी थोरली माझ्याकडे फणफणत आली. "बाईआजी, तुम्ही त्या गाडीत बसलात कशाला? बाबा म्हणाले तिचे ब्रेकच धड नाहीत! आपण जाणार नाही आता. आणि त्या ताई ती गाडी खुशाल लोकांना देतात! मी वर्गात सगळ्यांना सांगितलं. औषधांच्या दुकानवाल्या काकांची मुलगी माझ्या वर्गात आहे, ते पण नेणार होते. त्यांनी लगेच नाही म्हणून कळवलं. बरं झालं ना?"

तिच्या डोळ्यांत एवढा विश्वास होता की मला तिच्याकडे बघवेना. मी पायात चपला सरकवल्या आणि तिला घेऊन तिच्या घरी गेले. तिला आत पाठवलं आणि मास्तरांना दारातच गाठलं.

"मास्तर, काय सांगितलंत पोरांना?"

त्यांनी आत बघितलं. आवाज खाली आणला. "दोघं दारातच उभी होती, बाई. 'कशी आहे गाडी, कशी आहे गाडी.' तोंडातून निघून गेलं. विसरतील दोन दिवसांत."

"औषधवाल्यांनी गाडी रद्द केली, हे ठाऊक आहे?"

त्यांना ते ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. ते काही बोलणार तेवढ्यात फाटक वाजलं. ताई आल्या होत्या. हात कोपरापर्यंत काळे, कपाळावरही ग्रीसचा पट्टा.

"मास्तर, बरं झालं भेटलात," त्या म्हणाल्या. आवाजात रागाचा लवलेश नव्हता, आणि तेच फार वाईट होतं. "लोक म्हणतायत तुम्हाला ब्रेकमध्ये दोष दिसला. त्या दिवशी मला तर काही जाणवलं नाही. पण तुम्ही म्हणालात म्हणजे असणारच. चारही चाकं काढून बसलेय कालपासून. सापडत नाही हो. जरा येऊन दाखवता का? कुणाच्या पोराबाळांना काही झालं असतं तर मी तोंड कुठे लपवलं असतं?"

मास्तरांच्या मागे थोरली आणि धाकटा येऊन उभे राहिले होते. मास्तर एकदा ताईंच्या हातांकडे बघत, एकदा जमिनीकडे.

"येतो," ते म्हणाले.

"मी पण येते," थोरली म्हणाली. "मला बघायचाय खराब ब्रेक."

"तू नको."

"का?"

मास्तर चपला घालून चालू लागले. थोरली आली, मीही गेले.

आवारात घरगाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. सुटे भाग फडक्यावर ओळीने मांडलेले, एकेक पुसून लख्ख केलेला. मास्तर एकेक भाग उचलून बघत राहिले. मग शर्टाच्या बाह्या वर सारून गाडीखाली सरकले. आम्हाला फक्त त्यांचे पाय दिसत होते. आतून काही आवाज येईना. ना पान्याचा, ना ठोकल्याचा.

"दिसलं का काही?" ताईंनी वाकून विचारलं.

पाय हलले नाहीत.

"मास्तर?"

"ब्रेक चांगले आहेत," गाडीखालून आवाज आला. "तेव्हाही चांगले होते. एकदम चांगले."

"मग तुम्ही..."

"मी घाबरलो, ताई. ट्रकला. मला ही गाडी चालवता येत नाही. घरी तसं सांगवलं नाही, म्हणून तुमच्या गाडीवर ढकललं."

ताईंनी हातातलं फडकं हळूहळू घडी घालून खाली ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले होते. दोन दिवस त्या स्वतःला दोष देत बसल्या होत्या.

"बाबा, बाहेर या," थोरली म्हणाली.

"थांब जरा."

"बाहेर या ना."

"येतो गं. थांब."

माणूस गाडीखाली किती वेळ राहू शकतो! शेवटी ताईच म्हणाल्या, आणि या वेळी आवाज कोरडा होता, "मास्तर, चाकं मी एकटीने काढली. बसवताना मात्र तुम्ही लागाल."

ते बाहेर आले. पाठीला माती, चेहरा पडलेला. "चुकलो ताई," एवढंच म्हणाले आणि पाना उचलला. चाकं बसवताना थोरलीने बोल्ट दिले, पण वडिलांच्या हातात नाही. ती ते ताईंना देत होती आणि ताई मास्तरांना.

तिथून मास्तर तडक औषधांच्या दुकानात गेले. थोरली मागोमाग. "तू घरी जा," ते म्हणाले, तर ती म्हणाली, "वर्गात मी सांगितलं होतं. मला पण ऐकायचंय." दुकानात गिऱ्हाइकं होती. ती जाण्याची वाट न बघता मास्तरांनी सांगून टाकलं. औषधवाले त्यांचेच जुने विद्यार्थी. आधी त्यांना मास्तर चेष्टा करतायत असंच वाटलं. मग ते काउंटरवर एक हात टेकून पोट धरून हसले. "अहो मास्तर, मला तुम्ही हायवेला घाबरायचं नाही म्हणून शिकवलंत!"

"हो," मास्तर म्हणाले. "शिकवलं."

गाडी रद्द केल्यावर औषधवाल्यांनी त्या दिवसांत दुसरं काम ठरवलं होतं. आता त्यांना सुट्टीचा एकच आठवडा मोकळा राहिला होता, आणि घरगाडीचा तो आठवडा नेमका मास्तरांनी धरलेला, अजून सोडलेला नव्हता. मास्तरांनी तो तिथल्या तिथे देऊन टाकला. घरी येऊन धाकट्याला खरं काय ते स्वतः सांगितलं. धाकट्याने आधी भोकाड पसरलं. मग डोळे पुसले आणि वहिवाटीप्रमाणे सगळ्या गल्लीला बातमी देऊन आला. "आमच्या बाबांना गाडी येत नाही!" वहिनी त्याला आत ओढायला धावल्या तर मास्तर म्हणाले, "असू दे. खरंच आहे ते."

"मला तरी सांगायचं होतं," वहिनी म्हणाल्या. त्या एकदाच म्हणाल्या. पण त्या दिवशी मास्तरांचा चहा त्यांनी ओट्यावरच ठेवला.

औषधवाल्यांचं कुटुंब निघालं त्या सकाळी घरगाडी आमच्याच गल्लीतून गेली. मास्तर आत जाऊन बसतील असं मला वाटलं होतं, पण ते फाटकाशी उभे राहिले. औषधवाल्यांनी काच खाली करून हाक मारली, "मास्तर, ब्रेक मस्त आहेत बरं का!" सगळी गल्ली हसली. मास्तरांनी हात वर केला. थोरली त्यांच्या शेजारी उभी होती. ती हसली नाही आणि तिने वर बघितलंही नाही.

तेव्हापासून त्या घरात एक गोष्ट बदलली आहे. बाहेरच्या कुणाला ती कळायची नाही. पूर्वी मास्तर म्हणाले, "आज पाऊस यायचा नाही," की थोरली छत्री ठेवून शाळेत जायची. आता ती आधी आईकडे बघते. ते मास्तरांना दिसतं.

घरगाडी परत आल्यावर मास्तर रोज दुपारी ताईंकडे जाऊ लागले. ताईंनी कटुता ठेवली नाही, पण सूटही दिली नाही. भर बाजारातून गाडी नेतात, आणि फुटपाथवरून कुणी ना कुणी ओरडतंच, "ताई, मास्तरांचा कान पिळा!" एका दुपारी मी आवारावरून जात होते तेव्हा थोरली तिथे आलेली होती. मास्तर स्टिअरिंगवर, ताई शेजारी. मास्तरांनी तिला विचारलं, "बसतेस मागे? हायवेपर्यंत जाऊन येऊ."

तिने वळून ताईंना विचारलं, "बाबांना येतं का आता?"

ताईंनी मास्तरांकडे बघितलं. मग मुलीकडे. "सरळ रस्त्याला येतं. ट्रक शेजारी आला की अजून हात आखडतात."

"खरं आहे," मास्तर म्हणाले.

थोरलीने थोडा विचार केला. "मग मी आज नाही येत," ती म्हणाली. "पण परत येईपर्यंत इथे थांबते."

ती आवारातल्या एका जुन्या टायरवर बसली, दप्तर मांडीवर घेऊन. मास्तरांनी मान डोलावली, आरसा नीट केला आणि तिच्या नजरेसमोरून गाडी सावकाश बाहेर काढली.