फुलीचा केलेला पी

आमच्या दारावरची फुली मी पुसली आणि तिथं खडूनं पी लिहिला. याला मी बरीच वर्षं चूक म्हणत आलो. ती लबाडी होती.

रविवारी शाळेत पोलिओचा डोस चुकलेल्या लेकरांसाठी सोमवारपासून आशाताई घरोघर फिरायच्या. ताडकळसच्या बाजूचं आमचं गाव. गल्लीच्या नात्यानं त्या माझ्या वहिनी. खांद्याला बर्फाचा निळा डबा, खोचलेला पदर, मागं पोरांचा घोळका. डोस दिलेल्या घरावर पी, राहिलेल्यावर फुली. कुणाच्या घरी पाळणा हलणार, कोण म्हातारं खोकतंय, सगळी खबर त्यांच्याकडं. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. आधीच्या सुईनं ती दोन दिवस तापली होती. वडिलांनी लेव्हीची, सरकारनं सक्तीनं वसूल केलेली ज्वारी घरातून जाताना पाहिलेली. ते म्हणायचे, "सरकार दारात द्यायला कधी आलंय का? न्यायलाच येतंय." मी शिकलेला, तरी मला ते पटलं. सकाळी आम्ही आतून कडी लावून गप्प बसलो. वहिनी हाका मारून, फुली करून गेल्या. वहिनी संध्याकाळी परत येणार म्हणून मी फुलीचा पी केला. जोडीला फिरणाऱ्या दुसऱ्या बाईनं डोस दिला असेल, असं समजून त्या पुढं गेल्या.

दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब आले. दारावर पी, पण मुलीच्या करंगळीला शाई नाही. गल्ली गोळा झाली. खोट्या खुणा करता म्हणून साहेब वहिनींना लय बोलले, काम काढून घेऊ म्हणाले.

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. "भाऊजी, तुमी तरी सांगा."

"आमच्याकडं कुणी आलंच न्हाई," मी म्हणालो.

वहिनींनी मुलीला दोन थेंब पाजले, करंगळीला शाई लावली. काम कसंबसं टिकलं. पण गल्लीत त्यांच्या शब्दाला पहिल्यासारखी किंमत राहिली नाही.

मुलगी आता बारावीला आहे. यंदा शाळेच्या ओट्यावर पोलिओचा बूथ लागला, तेव्हा मी एकटाच गेलो. वहिनींना बोलणी चारचौघांत बसली होती, मग माफीही तिथंच मागायची होती. मला पाहून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं वय बसत न्हाई डोसात." बाया हसल्या. मी उभाच राहिलो.

"वहिनी, त्या दिवशी फुलीचा पी मी केला, अन् तुमाला बोलणी खाऊ दिली. मला माफ करा."