दिवसाचे शहाण्णव चौकोन

माझी ताई केस कापते. मीही कापते, शेजारच्याच खुर्चीवर. पण माझ्या खुर्चीत माणसं केस कापून घ्यायला बसतात आणि ताईच्या खुर्चीत बसली की बोलायला लागतात. बेसिनवर मान टेकली, कोमट पाणी कानामागून वाहिलं, की सासूपासून साहेबापर्यंत सगळं बाहेर. ताई नुसती "हं" म्हणते. आणि तिनं ऐकलेलं आमच्या पार्लरच्या दाराबाहेर कधी गेलेलं नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मी स्वतःच कबूल करते. म्हणून मला कुणी काही सांगत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

गेल्या वर्षी ताईच्या पोटऱ्यांच्या शिरा फुगल्या. बावीस वर्षं उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? डॉक्टर म्हणाले, उभ्यानं करायचं काम कमी करा. ताई म्हणाली, "मग काय, गिऱ्हाइकांना झोपवून केस कापू?" डॉक्टर हसले. ताई हसली नाही. त्या दिवसापासून ती घट्ट मोजे घालते आणि दर तासाला स्टुलावर पाय ठेवून उभी राहते. मी ते बघते आणि मला राग येतो. कुणाचा ते माहीत नाही.

अशा वेळी कोच आली. ही आमची जुनी गिऱ्हाईक. पूर्वी बँकेत होती, आता सगळे तिला कोचच म्हणतात, तिचा नवरासुद्धा. तिची कंपनी केसांचं तेल, शाम्पू आणि एक हिरवी पावडर विकते. विकते म्हणजे काय, तर विकणारी माणसं जोडायची, त्यांनी आणखी माणसं जोडायची, आणि सगळ्यांनी मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ हसरे फोटो टाकायचे. पी हळद आणि हो गोरी. मी तोंडावर तसं म्हटलंही. पण कोच ताईच्या पायांकडे बघून म्हणाली, "तुम्ही पाय वर करून बसा. तुमचं नेटवर्क तुमच्यासाठी उभं राहील."

हे वाक्य ताईला लागलं. खरं सांगायचं तर मलाही. त्यावर थट्टा करायला जीभ उचलली नाही.

तीन महिन्यांत बारा माणसं जोडली की ताई 'रुबी' होणार होती. रुबी झालं की कात्री खाली ठेवता येते, असं कोचचं म्हणणं. आणि त्यासाठी पहिली शिस्त वेळेची. कोचनं एक तक्ता दिला. दिवसाचे शहाण्णव चौकोन, प्रत्येक चौकोन पंधरा मिनिटांचा. ताईनं तो आरशाच्या कडेला चिकटवला आणि मोबाइलमध्ये गजर लावले. मग काय विचारता! दर पंधरा मिनिटांनी टुंग. अर्धा भांग पाडून झालाय, टुंग. गिऱ्हाईक सांगतंय की मुलगा बोलत नाही, टुंग. ताईचा हात तोच, पण डोळे तक्त्यावर. तिच्या पायाला भिंगरी लागली, तीही दुखऱ्या पायाला. बसता यावं म्हणून ती या धंद्यात शिरली आणि होतं तेवढं बसणंही गेलं.

भाऊजी बस चालवतात. त्यांचा चौकोन संध्याकाळी सव्वाआठ ते साडेआठ, वर लिहिलेलं, 'कुटुंब'. एकदा ते आठ वीसला घरी आले. चपला काढता काढता म्हणाले, "माझी पाच मिनिटं गेली वाटतं?" ताई म्हणाली, थट्टा नका करू. ते म्हणाले, "थट्टा कसली? मीही वेळापत्रकावरच चालतो. पण माझ्या बसला स्टॉप असतात."

दुसरी शिस्त नावांची. ओळखीच्या शंभर जणांची यादी करायची. तयार असेल तो हिरवा, कुंपणावर बसलेला पिवळा, ज्याचा नाद सोडायचा तो लाल. आणि प्रत्येक नावापुढे त्या माणसाची दुखरी जागा. कोचचा शब्दच तो. दुखरी जागा माहीत असली की विषय काढायला सोपं जातं. आता सांगा, या गावात इतक्या दुखऱ्या जागा ताईएवढ्या आणखी कुणाला माहीत होत्या? बावीस वर्षांचं ऐकलेलं तिच्या डोक्यात होतं. ते तिनं दोन रविवारांत मोबाइलमध्ये उतरवलं.

मी ती यादी पाहिली. ताईनंच मोबाइल दिला होता, एक नंबर शोधायला. सतराव्या क्रमांकावर मी होते, पिवळी. नात्यापुढे बहीण. दुखऱ्या जागेपुढे, 'एकटी राहते, रविवारी कंटाळते.' खोटं काहीच नव्हतं. मी नंबर शोधला, मोबाइल परत दिला आणि दिवसभर तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही, हे जास्त झोंबलं.

यादीत लायब्ररीवाल्या बाईही होत्या. आमच्या रस्त्याच्या टोकाला लायब्ररी आहे, तिथं काउंटरवर बसतात. वय ताईएवढंच, लग्न केलेलं नाही, बोलणं मोजकं. दीड वर्षापूर्वी त्यांना मोठा आजार निघाला. औषधांनी केस गेले. लायब्ररीत त्यांनी सांगितलं, बहिणीकडे जाऊन येते, आणि आल्या त्या डोक्याला स्कार्फ बांधून. निळा, त्यावर पांढरे पक्षी. लोकांना वाटलं, बाईंना या वयात फॅशन सुचली. खरं काय ते फक्त ताईला माहीत होतं, आणि शेजारच्या खुर्चीमुळे मला. माझ्या तोंडून ते का फुटलं नाही? कारण बाईंनी पहिल्याच दिवशी कारण सांगितलं होतं.

"आईला कळता कामा नये," त्या म्हणाल्या होत्या. आई दुसऱ्या गावी एकटी राहायची. थोरला मुलगा याच आजारानं गेला होता आणि त्याच्या उशाशी ती सात महिने बसली होती. "परत तेच बसणं तिच्या नशिबी नको. मी बरी झाले की कधीतरी सांगेन. नाहीतर नाहीच सांगणार."

मग उपचार संपले आणि केस परत यायला लागले. बाईंना स्वतःच्या टाळूची मागची बाजू दिसायची नाही. म्हणून ताई दर महिन्याला त्यांचा पाठमोरा फोटो काढून दाखवायची. पहिल्या फोटोत काहीच नाही, मग लव, मग बोटभर. बाई फोटो मोठा करून करून बघायच्या आणि त्या दिवशी जाताना चक्क हसायच्या. ते फोटो ताईच्याच मोबाइलमध्ये होते.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ताईची दहा माणसं झाली होती. दोन कमी आणि दिवस सहा. कोच म्हणाली, "आधी आणि नंतर टाका. लोक डोळ्यांवर विश्वास ठेवतात." ताई रविवारी आठवड्याच्या सगळ्या पोस्ट एकदम तयार करायची आणि वेळ लावून ठेवायची, ठरलेल्या वेळी त्या आपोआप जायच्या. मंगळवारी दुपारी तिनं मला कौतुकानं दाखवल्या. बुधवारची उघडली. डावीकडे बाईंची उघडी टाळू, उजवीकडे बोटभर केस. खाली लिहिलेलं, 'चार महिन्यांत ही कमाल! फक्त आमच्या तेलानं.'

मी ओरडलेच. "तुला लाज वाटते का गं? त्यांनी ते तेल हातात तरी धरलंय का?"

"चेहरा कुठं दिसतोय?"

"खांद्यावर स्कार्फ दिसतोय! अख्खी लायब्ररी ओळखते तो."

ताईनं परत फोटो पाहिला. मग तिचा चेहरा उतरला. तिनं खरंच पाहिलं नव्हतं. तिनं केस पाहिले होते, स्कार्फ नाही. "काढते," ती म्हणाली. "तुझं बरोबर आहे. काढून टाकते." तेवढ्यात टुंग झालं. तो चौकोन फोनचा होता, हिरव्या माणसांना फोन करायचा. ताईनं तक्त्याकडे पाहिलं. मंगळवार गच्च भरलेला होता. पहिला रिकामा चौकोन बुधवारी दुपारी एकचा. तिनं पेन्सिल घेतली आणि त्यात नीट अक्षरात लिहिलं, 'पोस्ट काढणे.'

आणि मी गप्प बसले. मला वाटलं, लिहिलंय म्हणजे होईल. ही चूक माझीही आहे, तिची एकटीची नाही. काढायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण तीन महिने त्या चौकोनांत राहून मीही बिघडले होते.

पोस्ट लावलेली होती बुधवारी पाऊण वाजताची.

पाऊण वाजता ताईचे दोन्ही हात कोपरापर्यंत फेसात होते. एकचा गजर झाला तेव्हा तिनं हात पुसले, मोबाइल घेतला आणि ती मटकन स्टुलावर बसली. मग घाईघाईनं पोस्ट काढली. बैल गेला नि झोपा केला. त्या पंधरा मिनिटांत कोचनं ती उचलून चारशे जणांच्या ग्रुपवर टाकली होती, वर टाळ्यांचे सात हात. त्या चारशेतल्या कुणाच्या तरी हाताखाली, चार पायऱ्या खाली, बाईंची भाची होती. ती आजीकडे, म्हणजे बाईंच्या आईकडे, जेवायला बसली होती. केस गळतात म्हणून आजीला तेल घ्यायला लावावं, एवढ्याच विचारानं तिनं फोटो दाखवला.

तीन वाजता ताईला फोन आला. मी जवळच होते, मला ऐकू येत होतं.

"आईचा फोन आला होता," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "स्कार्फ तिनंच दिलाय मला. तू तरी, अगं..." आणि फोन बंद.

ताईनं परत लावला, सहा वेळा. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेली. बाई रजेवर. घरी गेली, दार उघडलं नाही, आत रेडिओ चालू होता. इकडे त्या पोस्टवर एक्केचाळीस चौकशा आल्या, दोन माणसं जोडली गेली आणि शनिवारी ताई रुबी झाली. कोचनं फोटोभोवती लाल चौकट लावून तिला सगळीकडे झळकवलं. अभिनंदन, अभिनंदन. ताई प्रत्येकाला हात जोडल्याचं चित्र पाठवत होती, आणि रडत होती. दोन्ही एकाच वेळी करता येतं हे मी त्या दिवशी पाहिलं. मला तिला धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं आणि जवळही घ्यावंसं वाटत होतं. मी दोन्हींतलं काही केलं नाही, फरशी पुसत बसले.

सोमवारी सकाळी एक म्हातारी बाई दार ढकलून आत आली. हातात कापडी पिशवी, पायांवर रस्त्याची धूळ. हनुवटी पाहिली आणि मी कंगवा खाली ठेवला. तीच हनुवटी मी दर महिन्याला शेजारच्या आरशात बघत होते.

"फोटो काढणारी कोण?" त्यांनी विचारलं.

ताई उभी राहिली. "मी. मावशी, माझं फार चुकलं. मी तुमच्या पाया पडते, मी..."

"ते राहू दे." त्या ताईच्या खुर्चीत येऊन बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. "कालपासून तिच्याकडेच आहे मी. विचारलं की म्हणते, झालं ते झालं, आता बरी आहे. पुढं बोलत नाही. लहानपणापासून तशीच. पण इथं बोलायची ना?"

ताईनं मान डोलावली.

"मग मला सांग. कधी कळलं तिला, दवाखान्यात बरोबर कोण होतं, रात्री उलट्या झाल्या तर उठून पाणी कोण देत होतं. रडली का. माझं नाव काढलं का कधी. सगळं सांग. दीड वर्षाचं आहे, वेळ लागला तरी चालेल."

ताईला सगळं माहीत होतं. मलाही. दवाखान्यात बरोबर कुणी नव्हतं. पाणी कुणी देत नव्हतं. नाव काढायच्या, दर वेळी काढायच्या. माझी जीभ वळवळत होती. पण ताईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ती दाताखाली धरली.

"मावशी," ताई म्हणाली, "ते त्यांनी माझ्यापाशी विश्वासानं बोललेलं आहे. ते मी नाही सांगू शकत. तुम्हालासुद्धा नाही."

म्हातारीला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. त्या आरशातून ताईकडे बघत राहिल्या, अगदी समजून घ्यायचं आहे अशा नजरेनं.

"साऱ्या जगाला सांगितलंस की गं," त्या म्हणाल्या. "मग मलाच तेवढं का नाही?"

टुंग झालं. ताईनं मोबाइलकडे पाहिलं नाही. तिनं खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती आणि सुजलेल्या पायांवर ती तशीच उभी होती. मी स्टूल पुढं सरकवलं, ती बसली नाही.

म्हातारीनं पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि मान मागे टेकवली.

"ठरव तू सावकाश," त्या म्हणाल्या. "मी थांबते. माझी बस सहाची आहे."

तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते.