मासळीचा वाटा

गावतळ्यातल्या सामाईक मासळीतला औषधोपचार घेणाऱ्या कुष्ठरोग्याचा वाटा दरवर्षी तळ्याच्या बांधावर लांब फेकून देणे कोणत्या कायद्यात बसते, असे मी तहसीलदारांना लेखी विचारले. अर्जावर फक्त पोचेचा शिक्का मिळाला.

तळ्यात जाळे टाकणारी आमची शेजारीण रागावली की आधी पदर खोचते. गोळ्या वाटपाच्या दिवशी ती अशा साऱ्या रोग्यांना अंगणात बसवते. बोलू देते, रडू देते, मग थट्टा करून हसवते.

यंदा पळसाच्या पानांवर वाटे मांडून होताच तिने दूर उभ्या असलेल्या त्या रोग्याला हाक मारली, "या भाऊजी, पयले तुमी उचला."

"मंग आमी नाई उचलत," सरपंच गुरगुरले.

"नोका उचलू. आमच्या घरी खाणारे लय हायेत."

त्याने भीत भीत सर्वांत लहान वाटा उचलला. तेव्हा ती त्याच्यावरच कडाडली, "एवढासा काऊन? तुमच्या घरी लेकरं नाईत का?"