गिअर पडेना

लॉरीचा गिअर पडेना, आणि त्यापायी माझी नोकरी जायची वेळ आली होती. मी तेव्हा सोलापुरात एका शेंगांच्या व्यापाऱ्याची लॉरी चालवायचो. दुधनीच्या बाजारातनं पोती आणायची, एवढंच काम. पण त्या काळी लॉरी हाकणाऱ्याचा रुबाब काय विचारता! आमच्या घरात बाप, चुलते, सगळे मेंढरांमागं. स्टेअरिंग धरणारा मी पहिलाच.

त्या साली खंडेनवमीला मालकांनी लॉरीची पूजा केली, झेंडूच्या माळा घातल्या आणि वर हुकूम काढला, "ही आता आमची लक्ष्मी हाय. चपला घालून आत पाय ठेवायचा न्हाय." हुकूम सोपा, पाय माझे! इंजिनाच्या धगीनं पायाखालच्या फळ्या तव्यासारख्या तापायच्या. मी घरनं घोंगडी आणून पायडलांखाली अंथरली. पाय भाजतील तशी तिची घडी वाढवत गेलो.

दिवाळी सरता सरता गिअर टाकताना खर्रकन आवाज यायला लागला. पुढं तर दोन्ही हातांनी दांडा ओढला तरी पडेना. मालकांनी ओळखीचा एक गिरणीतला फिटर आणला. त्यानं दांडा दोनदा हलवला आणि निकाल दिला, "गिअरचे दात झडले. डायव्हरनं खाल्ले."

मालक म्हणाले, "मेंढरं राखणाऱ्याच्या हातात लॉरी दिली, माझंच चुकलं. उद्यापासनं दुसरा माणूस येईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार वर्षं मी त्या लॉरीला लेकरासारखं जपलं होतं! म्हणालो, "मालक, एक घटकाभर द्या. मग खुशाल हाकला."

इंजिन बंद ठेवून दांडा टाकला. पहिला, दुसरा, तिसरा, सगळे लोण्यात सुरी जावी तसे पडले. मग हँडल मारून इंजिन चालू केलं, की पुन्हा खर्र! म्हणजे दात शाबूत होते. क्लच इंजिनाला सोडतच नव्हता. पण का सोडत नव्हता? पायडल तर मी पार तळाला दाबत होतो.

इंजिन बंद केलं आणि म्हणालो, "मालक, तुमी बसा. मी खाली बघतो, तुमी क्लच दाबा."

मालक चपला काढून वर चढले. मी लॉरीखाली उताणा सरकलो.

"दाबा!"

"दाबलं की!"

"अजून दाबा."

"अजून जातंय कुटं? टेकलं की लेका!"

क्लचच्या पायडलाचा खालचा गज मध्येच थांबला होता. पायडलाच्या फटीतनं काहीतरी काळं लोंबत होतं. फिटर वाकून म्हणाला, "काजळी हाय ती." मी ते चिमटीत धरलं आणि मला हसूच फुटलं. जन्म मेंढरांत गेलेला माणूस मी, मला लोकर कळू नये? पायडल तळाला टेकत नव्हतंच, माझ्या घोंगडीला टेकत होतं!

बाहेर आलो, घोंगडी ओढून काढली आणि म्हणालो, "दाबा आता." पायडल आणखी चार बोटं खाली गेलं. मालक उतरले, मी इंजिन चालू केलं, दांडा टाकला. आवाज नाही की कुरकुर नाही! अक्कलकोट रस्त्यानं लांबवर जाऊन परत आलो, चारी गिअर टाकले, आणि शेजारी बसलेल्या फिटरकडं दर वेळी मुद्दाम बघितलं. तो बाहेर बघत होता. एवढा आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

परत आल्यावर खरं ते सांगितलं. "मालक, घोंगडी माझीच. चूक माझीच. पण अनवाणी पाय भाजत होते."

मालकांनी खाली वाकून फळीवर तळवा ठेवला आणि चटकन मागं घेतला. मग आपल्या पायातल्या चपला काढून माझ्या पायांपुढं ठेवल्या.

"घाल," म्हणाले, "आणि दुधनीला नीघ. उशीर झालाय."