जिन्यातला तिसरा आवाज

इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला वळसा घालून गेलं की कान तपासायची खोली लागते. तिथल्या बाईला तोंडावर मॅडम म्हणतात आणि माघारी कानवाली. तिच्या तावडीत एकदा सापडलेले लोक आणखीही काहीबाही म्हणतात, ते सोडून देऊ. वय बावन्न, केस आखूड, कपाळावर आठी कायमची मुक्कामाला. तीस वर्षं ती लोकांच्या कानात बारीक आवाज सोडत आली आहे, आणि तीस वर्षं तिचं मत तसूभर हललेलं नाही. ऐकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीचे चष्मा अडकवायला सोय म्हणून कान बाळगतात.

काम तसं सोपं. पेशंटला स्पंज लावलेल्या कोंदट खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं. काचेच्या अलीकडे यंत्रापाशी ही बसणार. आवाज ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, हिच्यापुढे दिवा लागतो. पण एवढंही लोकांना धड जमत नाही. काही महाभाग तर हिने काही वाजवलेलं नसतानाच बटण दाबतात. बहिरं म्हणवून घ्यायची लाज वाटते, मग दाबत सुटतात अंदाजपंचे. या खोटारड्यांवर कानवालीचा विशेष राग. दार उघडून, बाहेरच्या बाकावरच्यांना ऐकू जाईल अशा बेताने ती विचारते, काका, मी तर गप्प बसले होते, तुम्हाला कुणी हाक मारली?

दुसऱ्याला तुच्छ लेखण्याची अशी तयारी एका दिवसात होत नाही. तिची सुरुवात चौदाव्या वर्षी झाली, एका जिन्यात.

पाच मजल्यांची इमारत होती. खाली दाराशी लोखंडी पत्रपेट्यांची रांग. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याची मुलगी त्या पेट्यांवर असा ठेका धरायची की तिचं नावच पडलं डबा. मनगटात जादू, डोक्यात भुसा. हे अर्थात कानवालीचं मत. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरची मुलगी गायची. गळा गोड, पण सूर लावण्याआधी हनुवटी अशी उचलायची की जणू राज्याभिषेकाला निघाली आहे. ती महाराणी. आणि चौथ्या मजल्यावरच्या टायपिस्टबाईंची मुलगी ती ही, वरची. हिचा आवाज खरबरीत, पातेलं घासल्यासारखा. कान मात्र असा की बंद दाराआडून नुसत्या पावलांवरून सांगावं, जिन्यात कोण आहे.

शाळा सुटली की तिघी जिन्यात. डबा आणि महाराणी तळाशी, ही दोन मजले वर कठड्याला टेकून. खालच्यांनी एक ओळ म्हणायची आणि थांबायचं. त्या थांबलेल्या जागेत वरून हिने ओळीची शेपटी उचलून खाली सोडायची, जरा उशिरा, जरा तुटक. तो खरबरीत आवाज भिंतींवरून घरंगळत खाली येईपर्यंत असा काही होऊन जायचा की पिशव्या घेऊन चढणारी माणसं पायरीवरच उभी राहायची. माझ्या जागेशिवाय तुम्ही दोघी म्हणजे न्हाणीघरातल्या गायिका, असं ही तोंडावर सुनवायची. त्या हसायच्या. खरं सांगायचं तर त्या दोघींवाचून हिचं पान हलत नव्हतं. पण हे कबूल करणं हिला जन्मात जमलं नसतं.

मग शाळांच्या स्पर्धा आल्या आणि गाण्याच्या बाई आल्या. या बाईंना एवढंच संगीत कळायचं की पहिल्या रांगेत कोण पाहुणे बसणार आहेत. त्यांनी तिघींचं ऐकलं, मान डोलावली आणि मधली थांबायची भानगड काढून टाकली. गाणं सरळ म्हणा, म्हणाल्या. मग वरचीच्या गालावर चापट मारून म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव हं, बाळ. चांगले मोठे हलव, म्हणजे मागच्यांना वाटेल गातेयस."

बाईंकडून हिची दुसरी अपेक्षाच नव्हती. पण त्या दोघी? महाराणीची हनुवटी खाली गेली, डबा नखं कुरतडत राहिली. चकार शब्द नाही. हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून जिन्यात जाणं बंद, बोलणं बंद. सरावाला मात्र ही न चुकता हजर. रांगेच्या टोकाला उभी राहून जबडा दुखेपर्यंत ओठ हलवायची.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी दुपारी जिन्यात पावलं वाजली. एक जड, डबाचं; एक घसटत येणारं, महाराणीचं. दारावर टकटक झाली. ही दाराला कान लावून श्वास रोखून उभी राहिली. पुन्हा टकटक, मग कुजबूज, मग पावलं खाली उतरली. आल्या मोठ्या माफी मागायला, बसा म्हणावं झुरत, असं मनाशी म्हणून ही परत अभ्यासाला बसली.

स्पर्धेच्या दिवशी दोघींनी पहिली ओळ म्हटली आणि त्या थांबल्या. पंधरा दिवस सरळ म्हणायचा सराव झालेला, आणि ऐन स्टेजवर थांबल्या. सभागृहात चिडीचूप. पडद्याआड बाईंचा चेहरा पांढरा फटक. टोकाला उभ्या असलेल्या हिच्या लगेच ध्यानात आलं: जुन्या सवयीने फसल्या मूर्ख. असं गार वाटलं हिच्या जिवाला! हिने बाईंच्या हुकमाप्रमाणे तोंड उघडलं, चांगलं मोठं, आणि आवाज काढला नाही. कुणीतरी फिसकन हसलं. महाराणीने मान वळवून हिच्याकडे पाहिलं. मग डबाचा ठेका भलतीकडेच पडला, महाराणीचा सूर चिरकला आणि गाण्याचं पार मातेरं झालं.

महाराणी नंतर गायलीच नाही. वर्षभरात डॉक्टरांनी बिऱ्हाड हलवलं. डबाशी जिन्यात नुसती मान हलवण्यापुरती ओळख उरली. आणि हिने? हिने इस्पितळात तीस वर्षं हा किस्सा जेवणाच्या सुट्टीत रंगवून सांगितला. पाठ केलेले पोपट मधेच कसे बंद पडले, ते हातवारे करून. नर्सा पोट धरून हसायच्या.

परवा बाहेर पावलं वाजली. डावं पाऊल जड. केसपेपर हातात यायच्या आधीच हिने ओळखलं. डबा तीस वर्षं छापखान्यात होती. यंत्रांच्या खडखडाटाने तिचे कान खाल्ले होते. बहिरी माणसं बोलतात तशी ती मोठ्याने बोलत होती आणि समोरच्याच्या ओठांकडे बघत होती. ओळख पटल्यावर तिचा चेहरा असा उजळला की कानवालीला चीडच आली. अडतीस वर्षं जपून ठेवलेला टोमणा तिने काढला. अजून सवयीने मधेच थांबतेस का गं, असं विचारलं.

डबाने ते ओठांवरून वाचलं.

"सवयीने?" ती म्हणाली. "अगं, तुझ्यासाठी थांबलो होतो. बाईंपुढे बोलायची छाती झाली नाही आमची. म्हणून ठरवलं, स्टेजवर तुझी जागा सोडायची. तिथे बाई काय करणार होत्या? तुला सांगायला आलो होतो घरी, पण तू घरात नव्हतीस. महाराणी म्हणाली, राहू दे, न सांगता कळेल तिला. तिचा कान किती तिखट आहे."

कानवालीने डबाला आत बसवलं, हेडफोन चढवले, बटण दिलं आणि दार लावून घेतलं. बारीक आवाज सोडले, दिवा लागला नाही. आणखी मोठे केले, तरी नाही. डबा प्रामाणिक. ऐकू आलं नाही तर बोट हलवत नव्हती. मोठ्या घोगऱ्या आवाजांना तेवढा दिवा लागत होता.

शेवटी माईकवरून बोलायचं असतं. पेशंटने ओठ वाचू नयेत म्हणून तोंडासमोर पुठ्ठा धरायचा, आणि आवाज कळला की त्याने बटण दाबायचं. कानवालीने शब्दांची यादी हातात घेतली आणि परत ठेवली. पुठ्ठाही ठेवून दिला. त्या ओळीची शेपटी तिला अजून पाठ होती. तिने माईक जवळ ओढला, तोंड उघडलं, ओठ हलवले. घशातून काही म्हणजे काही बाहेर आलं नाही. तिने पुन्हा ओठ हलवले. पुन्हा तेच.

काचेपलीकडे डबा तिच्या तोंडाकडे बघत थांबली होती. मग तिने बटण दाबलं, आणि दिवा लागला.